आधी नोंद, मग यंत्र : व्यवस्थापन परिषदेस एका ग्रंथपालाचे खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,
सविनय नमस्कार.

विषय : विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे मध्यवर्ती ग्रंथालयात, आणि संलग्न महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली बसवण्याचा निर्णय.

आपल्या कार्यालयाचे परिपत्रक गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयात पोहोचले. एका खासगी कंपनीची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली घेण्याचे ठरले असून, विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा आणि प्रणालीने आमच्या संग्रहाच्या आधारे उत्तर द्यावे, अशी ती योजना आहे. त्यासाठी प्रत्येक ग्रंथालयाने आपली संपूर्ण तालिका (म्हणजे संग्रहातील पुस्तकांच्या नोंदींची सूची), प्रबंधांच्या पीडीएफ प्रती, जुन्या प्रश्नपत्रिका आणि वाचकांच्या देवघेवीचा तपशील पंधरा दिवसांत कंपनीच्या सर्व्हरवर चढवावा, असा आदेश आहे. शेवटच्या परिच्छेदातील दोन वाक्यांमुळे मात्र हे पत्र लिहिणे मला भाग पडले. तालिका-शुद्धीकरणासाठी गेल्या वर्षी मंजूर झालेला निधी या प्रणालीच्या खर्चाकडे वळवण्यात येत आहे, हे त्यातले पहिले; आणि ग्रंथालयांतील रिक्त पदांच्या आवश्यकतेचा प्रणाली कार्यान्वित झाल्यावर फेरविचार करण्यात येईल, हे दुसरे.

मी यावर दोन वेळा लेखी म्हणणे मांडले. दोन्ही पत्रांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता जाहीरपणे लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दामच घातलेले नाही. असे परिपत्रक उद्या दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठात निघू शकते, आणि माझी तक्रार निर्णयाविषयी आहे, माणसांविषयी नाही.

मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित महाविद्यालयात सत्तावीस वर्षे ग्रंथपाल आहे. रुजू झाले तेव्हा तालिकापत्रांचे लाकडी ड्रॉवर होते, आणि लेखक, शीर्षक, विषय अशी प्रत्येक पुस्तकाची तीन-तीन पत्रे आम्ही हाताने लिहीत असू. पुढे संगणक आला तेव्हा ती पत्रे आम्हीच टंकली, आणि काही वर्षांनी मी व एका सहायकाने मिळून सगळ्या नोंदी ‘कोहा’वर नेल्या. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालयासाठी तयार झालेली, २००० सालापासून सर्वांना मोफत खुली असलेली ही प्रणाली आमच्यासारख्या निधीची चणचण असलेल्या ग्रंथालयाला परवडली. तेव्हा यंत्राला बिचकणारी जुन्या वळणाची बाई, असा शेरा मारून हे पत्र फाइलला लावू नये, ही विनंती.

कंपनीने सभागृहात प्रात्यक्षिक दाखवले त्या दिवशी मी हजर होते. हवामान बदलावर इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना सफाईदार उत्तरे आली आणि टाळ्याही पडल्या. सादरीकरणाच्या पहिल्याच पडद्यावर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांचे चौथे सूत्र झळकत होते : वाचकाचा वेळ वाचवा. १९३१ साली त्यांनी मांडलेली सूत्रे पाच आहेत, हे समोर बसलेल्या प्रत्येक ग्रंथपालाला पाठ असते. तिसरे सूत्र, म्हणजे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे त्या पडद्यावर का नव्हते, ते पुढच्या अर्ध्या तासात कळले. नमुन्यादाखल आमच्याच महाविद्यालयाची तालिका प्रणालीत भरलेली होती, म्हणून मी हात वर करून मराठीत तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न साधा होता : ‘विविधज्ञानविस्तारा’चे जुने अंक आपल्या ग्रंथालयात आहेत का? १८६७ साली सुरू झालेल्या या मासिकाचे काही बांधीव खंड एका दिवंगत प्राध्यापकांच्या कुटुंबाने आम्हाला दिलेले आहेत. मी ते स्वतः दाखल नोंदवहीत चढवले आहेत. प्रणालीने उत्तर दिले की असे काही उपलब्ध नाही.

दुसरा प्रश्न कुसुमाग्रजांच्या नाटकांचा. येथे गंमत झाली. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे यंत्राला ठाऊक होते, आमच्या तालिकेला नव्हते. यंत्राने नाटकांची नावे बिनचूक सांगितली आणि त्यांपैकी एकही आपल्या ग्रंथालयात नाही असेही सांगितले. प्रत्यक्षात ‘नटसम्राट’च्याच अनेक प्रती आमच्या कपाटात आहेत. त्यांच्या नोंदी शिरवाडकरांच्या नावाखाली आहेत आणि त्यातही शीर्षक कुणी रोमन लिपीत सलग लिहिले आहे, कुणी दोन शब्दांत तोडले आहे.

तिसरा प्रश्न असा होता की १९७२च्या दुष्काळावर मराठीत काय वाचावे. यावर पाच पुस्तके आली, लेखक, प्रकाशक, वर्ष, सगळे व्यवस्थित. मी ती निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर टिपून घेतली. दोन आमच्याकडेच होती. उरलेली तीन मी पुढचे दोन आठवडे शोधली, पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांतील ओळखीच्यांना फोन केले, एका प्रकाशकाकडे चौकशी केली. अशी पुस्तके निघालेलीच नाहीत. लेखकांची नावे खरी आहेत, त्यांनी त्या विषयाच्या आसपास लिहिलेलेही आहे, शीर्षके तर इतकी पटण्याजोगी आहेत की पहिल्या वाचनात मलाही शंका आली नाही.

यात त्या कंपनीने लबाडी केली असे मी म्हणत नाही. अशा प्रणालीच्या मुळाशी असलेले भाषेचे महाप्रारूप (लार्ज लँग्वेज मॉडेल) एका शब्दापुढे कोणता शब्द संभवतो याचा अंदाज बांधत चालते. त्याला माहिती कमी पडली तर ते थांबत नाही, शोभेल असा मजकूर घालून मोकळे होते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अशाच यंत्राने रचलेले, कधीही न झालेले खटले न्यायालयापुढे दाखले म्हणून ठेवले आणि न्यायालयाने त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. आमच्या विद्यार्थ्यांना दंड कोण करणार आणि कोणत्या नियमाने? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रबंधातील इतरांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे आणि साठ टक्क्यांवर गेले तर नोंदणीच रद्द होते. पण रचलेला संदर्भ साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाळ्यात सापडत नाही. जे पुस्तक जगात नाही, त्याच्याशी साम्य निघणार कुठून?

या दोषावरचा उपाय आम्हाला त्याच सभागृहात सांगण्यात आला. यंत्राने मनचे बोलू नये, आधी ग्रंथालयाच्या संग्रहात शोध घ्यावा आणि जे सापडेल त्याच्याच आधारे उत्तर द्यावे, अशी रचना करता येते. हे खरे आहे, आणि माझ्या मते ग्रंथालयात हीच एक रचना चालवून घेण्याजोगी आहे. परंतु तिचा अर्थ आपण नीट पाहावा. शोध नोंदींत होतो. नोंद चुकीची असेल तर पुस्तक कपाटात असूनही यंत्राच्या लेखी ते नसते, आणि यंत्र ‘नाही’ म्हणाले की विद्यार्थी पुढे कोणाला विचारायला येत नाही. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप तालिका-शुद्धीकरणाचा निधी काढून घेण्याला आहे. ज्या पायावर ही इमारत उभी राहायची, त्याच्याच विटा काढून आपण वरचा मजला बांधायला घेतला आहे.

आमच्या तालिकेची अवस्था काय आहे, हे परिषदेतील किती सदस्यांनी पाहिले आहे मला माहीत नाही, म्हणून थोडे तपशिलात लिहिते. दोन हजार सालाच्या आगेमागे ज्या मराठी नोंदी टंकल्या गेल्या, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकात असेपर्यंत सगळे मराठी दिसे. फॉन्ट गेला की उरतो तो कंस, टिंबे आणि परकी अक्षरे यांचा चिखल. ‘विविधज्ञानविस्तार’ त्या चिखलात रुतले आहे. हे निस्तरायला महाप्रारूप लागत नाही. कोणते चिन्ह कोणत्या अक्षरासाठी याचा एक तक्ता, तो चालवणारी एक छोटी आज्ञावली, आणि रूपांतरित झालेली प्रत्येक नोंद पुस्तकाच्या मुखपृष्ठाशी ताडून पाहणारा एक माणूस, एवढे पुरते. निधी त्या माणसासाठीच मागितला होता.

त्यापुढचा गुंता आपल्या भाषेचा आहे आणि तो कोणी बाहेरून येऊन सोडवील ही आशा करू नये. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे छापलेले असते, आणि आजचा विद्यार्थी ‘काही’ शोधतो. शीर्षक पुस्तकावर छापले आहे तसेच नोंदवावे हा आमचा नियम. तो पाळला तर शोध चुकतो, आणि मोडला तर नोंद खोटी ठरते. त्यातून वाट एकच, मूळ लेखन कायम ठेवून त्याच्या जोडीला आजचे लेखन देणे. विभक्ती आणि सामान्यरूप यांची गोष्टही तशीच. ‘शेतकरी’ हा शब्द शीर्षकात ‘शेतकऱ्यांच्या’ होऊन येतो, ‘पाणी’ हे ‘पाण्याचा’ होते, आणि अक्षराला अक्षर जुळवणारा शोध दोन्ही ठिकाणी हात हलवत परत येतो. इतकेच काय, ‘शेतकऱ्यांच्या’ मधला तो अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. एका दुपारी हे ध्यानात आले तेव्हा मी स्वतःवरच हसले होते. त्याआधी दोन वर्षे, काही पुस्तके शोधात का येत नाहीत म्हणून सहायकाला बोलत होते.

आणि नावे! केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. ज्या साहित्यात टोपणनाव हेच पुष्कळदा मुख्य नाव असते, त्या साहित्याच्या तालिकेला लेखकनामांची प्रमाण सूची, म्हणजे एका लेखकाची सगळी नावे एकत्र जोडणारी यादी, नसावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. एकट्या पु. ल. देशपांड्यांच्या नावाची आमच्या तालिकेत देवनागरी आणि रोमन मिळून कितीतरी रूपे आहेत. अशी सूची संपूर्ण विद्यापीठासाठी एकदाच करून सर्व महाविद्यालयांना देता येईल, हे मी ग्रंथालय समितीच्या बैठकीत सुचवले होते आणि ते इतिवृत्तात नोंदलेही आहे. तेथेच ते राहिले.

दुसरा आक्षेप देवघेवीच्या तपशिलाविषयी. कोणत्या वाचकाने कोणत्या तारखेला कोणते पुस्तक नेले, ही यादी कंपनीला ‘वैयक्तिक शिफारशी’ करण्यासाठी हवी आहे, असे सांगण्यात आले. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे वडील माझ्या टेबलाशी येऊन, मुलगी हल्ली काय वाचते ते सांगा, म्हणून बसले होते. त्या मुलीने विवाहविषयक कायद्याची पुस्तके नेली होती, हे मला माहीत होते. मी त्यांना चहा पाजला आणि यादी दाखवली नाही. ते रागावून प्राचार्यांकडे गेले; प्राचार्यांनी माझी बाजू घेतली, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. जी गोष्ट मी बापाला सांगितली नाही, ती एका कंपनीच्या सर्व्हरला पंधरा दिवसांत द्यावी, असे परिपत्रक म्हणते. व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला आहे, आणि संमती हा त्याचा कणा आहे. आमच्या एकाही विद्यार्थ्याची संमती घेतलेली नाही. घ्यावी असेही परिपत्रकात म्हटलेले नाही.

तिसरा आक्षेप कराराविषयी. तो आम्हाला दाखवलेला नाही. व्यावसायिक गोपनीयतेचे कारण सांगितले गेले. त्यामुळे आम्ही दिलेल्या नोंदी आणि प्रबंध कंपनी स्वतःचे प्रारूप शिकवण्यासाठी वापरणार आहे की नाही, करार संपल्यावर सुधारलेल्या नोंदी आम्हाला ‘मार्क’ या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाणित स्वरूपात परत मिळतील की नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दर वाढला तर बाहेर पडण्याची वाट आहे की नाही, यांतले काहीच आम्हाला कळत नाही. संग्रहात असलेल्या ग्रंथाची जतनासाठी अंकीय प्रत ठेवण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला दिलेली आहे. ती प्रत खासगी कंपनीच्या हवाली करणे हे जतन ठरते का, यावर विद्यापीठाने विधिज्ञांचे मत घेतले आहे काय? जुन्या टंकलिखित प्रबंधांचे लेखक हयात आहेत, त्यांच्यापैकी काही आपल्याच विभागांत शिकवतात. निदान त्यांना तरी विचारावे.

नियतकालिकांविषयी थोडक्यात लिहिते. शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना संशोधन-नियतकालिके एकत्रितपणे उपलब्ध करून देणाऱ्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली; तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे तेरा हजार नियतकालिके. ती बहुतांशी इंग्रजी आहेत. शासकीय विद्यापीठांचा परदेशी नियतकालिकांवरचा भार त्यामुळे हलका झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. मग त्याच वर्षी ज्ञानस्रोत केंद्राने मराठी नियतकालिकांच्या वर्गण्या का कमी केल्या? ‘नवभारत’ किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांतला लेख मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत हाती लागणे कठीण, आणि आपणही तो घेतला नाही, नोंदवला नाही, तर कोणत्याही यंत्राला तो कधी कळणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण फलक लावला होता. तो अजून प्रवेशद्वारावर आहे.

चौथा आक्षेप माणसांविषयी आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. परिपत्रकात ‘ज्ञान व्यवस्थापन’ हा शब्द सात वेळा आला आहे. या शास्त्रातला पहिला धडा असा की संस्थेचे ज्ञान दोन ठिकाणी असते, काही कागदावर आणि काही माणसांच्या डोक्यात, आणि दुसरे न बोलता निवृत्त होते. आमच्याकडे एक ग्रंथालय परिचर होते, सगळे त्यांना आबा म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत. सहकारी साखर कारखान्यांवर काम करणारे एक संशोधक एकदा नागपूरहून आले होते. त्यांनी जुन्या वार्षिक अहवालांविषयी विचारले, तर मी तालिका पाहून नाही म्हणाले. आबांनी ते ऐकले आणि दहा मिनिटांत जिन्याखालच्या कपाटातून धूळ झटकत अहवालांचे चार गठ्ठे आणून ठेवले. एका माजी संचालकांनी ते कधी काळी दिले होते, आणि ‘पुस्तक नाही’ म्हणून कोणी दाखल केले नव्हते. कोणत्या देणगी संग्रहात समासात टिपणे असलेल्या प्रती आहेत, कोणत्या वर्षी पुराचे पाणी शिरून कोणती रांग हलवली आणि ती परत लागलीच नाही, एखाद्या विभागातले कोणते सर कोणते पुस्तक मागायचे, हे सारे आबांना ठाऊक होते. ते निवृत्त होण्यापूर्वी तीन महिने मी रोज दुपारी त्यांना घेऊन कपाटांतून फिरले आणि एका दोनशेपानी वहीत लिहून घेतले. त्यांची जागा भरलेली नाही. ती वही मागणारा रकाना परिपत्रकासोबतच्या तक्त्यात नाही.

संदर्भ विभागातील पद रिकामे ठेवून त्या जागी यंत्र बसवणे म्हणजे आबांच्या जागी आमची तालिका बसवणे आहे, आणि त्या तालिकेने काय सांगितले असते ते वर आलेच आहे.

आता यंत्राकडून काय करून घ्यावे, तेही सांगते, कारण नुसता नकार देऊन मला थांबायचे नाही. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ॲनिफ’ नावाचे साधन तयार केले आहे आणि ते सर्वांना मोफत खुले आहे. आधी नीट नोंदवलेल्या पुस्तकांवरून ते शिकते आणि नव्या पुस्तकासाठी विषय-शीर्षके सुचवते. स्वीकारणे किंवा खोडणे हे तालिकाकाराच्या हाती ठेवता येते. फिनिश भाषा बोलणारे पन्नास लाखांच्या आसपास, आणि तिच्या नामाला पंधरा विभक्ती लागतात. म्हणजे सामान्यरूपांचे आपले दुखणे त्यांच्याकडे दुपटीने आहे. त्यांनी परक्या प्रणालीची वाट पाहिली नाही. आपण २०११च्या जनगणनेनुसार आठ कोटींहून अधिक आहोत.

अशी कामे आपल्याकडे ढिगाने पडली आहेत. मराठी छापील मजकूर वाचणारे ‘टेसरॅक्ट’सारखे खुले साधन आजच वापरता येते. शिळाप्रेसवरच्या आणि झिजलेल्या खिळ्यांच्या पानांवर ते अडखळते, पण विसाव्या शतकातल्या बऱ्याच छपाईवर ते उपयोगी पडते आणि तपासनिसाचे काम हलके करते. मोडी लिपीतील हस्तलिखितांचे देवनागरीकरण करणाऱ्या प्रारूपावर आयआयटी रूरकीत काम झाले आहे. आपल्या इतिहास विभागातील दप्तरे त्याच्यावर चालवून पाहण्यासारखी आहेत. एकाच पुस्तकाच्या दुबार नोंदी हुडकणे, एकाच लेखकाच्या नावाची निरनिराळी रूपे एकत्र आणून माणसापुढे ठेवणे, बांधीव मासिकांतील अनुक्रमणिका वाचून लेखनिहाय सूचीचा कच्चा खर्डा करणे, या कामांत यंत्र माणसापेक्षा कितीतरी वेगवान आहे आणि त्याची चूक वाचकापर्यंत जाण्याआधी पकडता येते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंतचा काळ १९६१ साली पुरा केला. गावोगावच्या ग्रंथालयांत जाऊन, पुस्तके पाहून, हाताने लिहून. त्या माणसाला आजचे यंत्र मिळाले असते तर त्याने ते उत्तरे द्यायला बसवले नसते, नोंदी करायला जुंपले असते, असे मला वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

तालिका-शुद्धीकरणाचा वळवलेला निधी परत द्यावा, आणि युनिकोड रूपांतर, दुहेरी लेखन व लेखकनामांची प्रमाण सूची ही तीन कामे विद्यापीठ पातळीवर, वेळापत्रक जाहीर करून सुरू करावीत. ती पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्यांना उत्तर देणारी प्रणाली खुली करू नये; ग्रंथपालांच्या हाती ती आजच द्यावी, आम्ही वापरून पाहू.

कंपनीशी झालेला करार विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावा. आमच्या नोंदींवर आणि प्रबंधांवर विद्यापीठाचा व लेखकांचाच हक्क राहील, लेखी परवानगीशिवाय त्यांवर कोणतेही प्रारूप शिकवले जाणार नाही आणि करार संपताच सर्व विदा प्रमाणित स्वरूपात परत मिळेल, ही कलमे त्यात नसतील तर घालून घ्यावीत.

वाचकांच्या देवघेवीचा तपशील देण्याचा आदेश तात्काळ मागे घ्यावा. यात तडजोडीला जागा आहे असे मला वाटत नाही. ज्या महाविद्यालयांनी तो आधीच चढवला आहे, त्यांचा तपशील पुसल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे.

प्रणालीने सांगितलेल्या प्रत्येक ग्रंथासोबत दाखल क्रमांक आणि वर्गांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा विषयवार क्रमांक) यावा. तो देता येत नसेल तर ग्रंथ सांगू नये, ‘सापडले नाही, ग्रंथपालांना विचारा’ असे म्हणावे. मराठी प्रश्नांवर तिची चाचणी संलग्न महाविद्यालयांतील ग्रंथपालांनी घ्यावी आणि निकाल, कसेही असोत, प्रसिद्ध करावेत.

रिक्त पदांचा या प्रणालीशी जोडलेला संबंध तोडावा आणि ती भरण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा. मंजुरी आपल्या हाती नाही, हे मला ठाऊक आहे, पण प्रस्ताव आपल्याच हाती आहे. मराठी नियतकालिकांच्या वर्गण्या पूर्ववत कराव्यात; त्यांची एकूण रक्कम प्रात्यक्षिकाच्या दिवशीच्या भोजनखर्चाहून फार मोठी नसावी, असा माझा अंदाज आहे.

आमच्या महाविद्यालयाची तालिका आणि प्रश्नपत्रिका मी मुदतीत पाठवल्या आहेत. देवघेवीचा तपशील आणि प्रबंध पाठवलेले नाहीत, आणि तसे प्राचार्यांना लेखी कळवले आहे. त्याबद्दल खुलासा मागवला गेल्यास हेच पत्र माझा खुलासा समजावे. ग्रंथालय समितीची पुढील बैठक होईल तेव्हा मला निमंत्रित म्हणून बोलवावे. दुष्काळावरच्या पाच पुस्तकांची ती निमंत्रणपत्रिका, ‘विविधज्ञानविस्तारा’चा एक खंड आणि आबांची वही मी सोबत आणीन. वहीची झेरॉक्स ज्ञानस्रोत केंद्राला हवी असेल तर आधी कळवावे, पाने जुनी झाली आहेत, सावकाश काढावी लागेल.

आपली विश्वासू,
एका संलग्न महाविद्यालयातील ग्रंथपाल